डावा समास

सकाळी सात वाजता मी मुद्रितं घेऊन बसलो होतो. एका चरित्राचं दुसरं प्रूफ. निवृत्तीनंतरही थोडंफार काम घरी यायचं आणि मला ते हवंच असायचं. पहिली दहाएक पानं सुरळीत गेली. मग मजकूर बिघडू लागला. ओळी मध्येच सुरू होत होत्या, वाक्यांचे कर्ते बेपत्ता, काही शब्दांची तर डोकीच उडालेली. मी समासात लिहिलं, 'ओळीच्या सुरुवातीचे शब्द गळाले आहेत, मूळ प्रतीशी ताडून पाहावे.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तीच सूचना जरा चिडून, खाली दोन रेघा ओढून. अक्षरजुळणी करणारा मुलगा तसा कामाला चोख, पण आज याचं लक्ष होतं कुठे, असं मनाशी म्हणत मी आणखी काही पानं रंगवली.

ही खोलीत आली आणि दारातच थांबली. "अहो, तुमचं तोंड असं काय दिसतंय?"

"तोंडाचं सोड, हे बघ काय घोळ घातलाय यानं."

तिनं दोन्ही हात वर करायला सांगितलं. मी केले. "दोन्ही म्हटलं मी," ती म्हणाली. "दोन्हीच आहेत की," मी म्हणालो, आणि ते थट्टेनं म्हटलेलं नव्हतं. माझ्या लेखी दोन्ही हात वर होते. डावा मांडीवर पडून होता हे पुढे तिनंच सांगितलं.

दवाखान्यात जायला मी साफ नकार दिला. दुखत काही नव्हतं, बोलणं स्पष्ट होतं, आणि पक्षाघात झाला की वाचा जाते अशी माझी ठाम समजूत. बहुतेकांची वाचा मेंदूच्या डाव्या भागात असते, तिथे इजा झाली तर ती जाते. माझी इजा उजव्या भागात होती, त्यामुळे मी अस्खलित मराठीत वाद घालत राहिलो. वीसेक मिनिटं तरी. शेवटी हिनं मुलीला फोन लावला आणि मुलीनं मला काहीही न विचारता रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णालयात पहिला प्रश्न आला तो मला नाही, हिला: "हे शेवटचे पूर्ण ठीक कधी दिसले होते?" झटका नेमका केव्हा आला हे माहीत नसेल तर घड्याळ तिथपासून मोजतात. सातला ठीक होते, असं ही म्हणाली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन काढून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. मला ते दहाच्या सुमारास मिळालं. मोठी धमनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा एक गाजलेला अंदाज आहे. माझी तुंबली ती मोठ्या धमनीची फांदी होती, म्हणजे हिशेब पुष्कळ खाली येईल. तरी माझ्या त्या वीस मिनिटांच्या वादाचा गुणाकार मी करून पाहिला. एकदाच.

हाताचं पुढे चांगलं झालं. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण फिजिओथेरपीबद्दल लोकांना बरंच ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी बोटं हलली, तिसऱ्या आठवड्यात मी काठी न घेता चालत होतो, सहाव्या आठवड्यात शर्टाची बटणं लावत होतो. तपासणीच्या कागदावर बार्थेल निर्देशांक 100 पैकी 95 लिहिला गेला. 1965 पासून चालत आलेलं हे मोजमाप आहे. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणं, जिना अशा दहा गोष्टी माणूस स्वतः करतो का, एवढंच त्यात बघतात. माझे पाच गुण जिन्यानं खाल्ले. बाकी सगळीकडे 'स्वावलंबी'. नातेवाईक म्हणाले, थोडक्यात वाचलात. मलाही तसंच वाटत होतं.

मग घरी एकेक प्रकार सुरू झाले.

ताटातला उजवा अर्धा भाग मी संपवायचो आणि पोट भरलं नाही म्हणून आणखी मागायचो. ही मुकाट्यानं ताट फिरवायची, की समोर नवं वाढलेलं हजर! दाढी अर्ध्याच गालाची. डाव्या पायात चप्पल नसताना दारापर्यंत जाणं. दाराच्या चौकटीला डावा खांदा इतक्या वेळा आपटला की तिथे कायमचा काळानिळा डाग राहिला, आणि मी दर वेळी चौकटीलाच नावं ठेवली. वीजबिल 4,520 चं, मी 520 भरायला निघालो. वर मुलीला ऐकवलंही, "बघ, यंदा किती कमी आलंय."

हे सगळं हसण्यावारी गेलं. औषधांचा डबा तसा गेला नाही. आठवड्याच्या गोळ्यांचा तो खणाखणांचा डबा असतो ना, सात ओळी आणि सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने. सकाळचा रकाना सगळ्यात डावीकडे. मी दुपारच्या आणि रात्रीच्या गोळ्या नेमानं घेत होतो. सकाळचा खण मला रिकामा दिसायचा असंही नाही. तो खण माझ्या जगात नव्हताच. रक्तदाबाची गोळी त्यातच असायची. पुन्हा झटका येऊ नये म्हणून सगळ्यात जपायचा तो रक्तदाब, आणि त्याचीच गोळी मी आठवडाभर घेतली नाही. मुलीनं आठवड्याचा डबा भरायला घेतला तेव्हा सकाळच्या सगळ्या गोळ्या ओळीनं तशाच्या तशा. "बाबा, हे काय केलंत?" मी तिच्यावरच आवाज चढवला. माझ्या मते तिनं गोळ्या आत्ता भरल्या होत्या.

बार्थेलमध्ये गोळ्यांचा प्रश्न नाही. बिलाचा नाही, फोनचा नाही, एकट्यानं प्रवासाचाही नाही. ते प्रश्न असलेली दुसरी यादी 1969 साली लॉटन आणि ब्रोडी यांनी केली. तिच्यात खरेदी, स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार येतात. त्या यादीत मी जवळजवळ नापास झालो असतो. पण ती मला कुणी लावलीच नव्हती. सही घेऊन घरी पाठवलं होतं. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डब्याच्या प्रकरणानंतर मुलीनं एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या, बाईंना शोधून काढलं. वयानं मुलीपेक्षाही लहान. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "काका, हिच्या बरोबर मध्यावर खूण करा." मी केली. आयुष्यभर समास मोजलेला माणूस, हात ठाम होता. त्यांनी पट्टी लावून दाखवली. खूण मध्यापासून बरीच उजवीकडे पडली होती. मी पट्टी मागून घेतली आणि उलटीसुलटी करून तपासली. मग चांदण्यांचा कागद आला. लहान चांदण्या शोधून खोडायच्या होत्या. उजवीकडची एकही सुटली नाही. डावीकडच्या 27 पैकी 4 सापडल्या. "झाल्या?" त्यांनी विचारलं. "झाल्या." "नक्की?" मी तिसऱ्यांदा नजर फिरवली आणि म्हणालो, "नक्की." घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा बाराही आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात कोंबून बसवले आणि वर्तुळ लहान काढल्याबद्दल स्वतःला बोल लावला.

या विकाराचं नाव निग्लेक्ट. म्हणजे शब्दशः दुर्लक्ष. हिला ते सांगितल्यावर ही म्हणाली, "ते लग्नापासूनच आहे."

डोळे ठणठणीत होते, ती तपासणीही झाली. बाईंनी समजावलं ते असं: मेंदूचा उजवा भाग दोन्हीकडे लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडेच ठेवतो. त्यामुळे डाव्या भागाला इजा झाली तर उजवा भाग सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डावीकडच्या जगाला वाली उरत नाही. आणि आपल्याला काही झालं आहे ही जाणीवच नसणं, हा भाग वेगळा. त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. जोझेफ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये हे नाव दिलं. हात लुळा आणि माणूस म्हणतो, मला काय धाड भरलीय. मला वाटायचं असं बोलणारे हट्टी असतात, किंवा घाबरून नाकारत असतात. आता सांगतो, आतून तसं काहीच वाटत नाही. जे गेलं त्याची जागा रिकामी राहिली असती तर कळलं असतं. जागाही सोबत जाते.

त्यांनी सांगितलेला एक प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही. 1978 मध्ये बिसियाक आणि लुत्सात्ती या दोघा इटालियन संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. मिलान शहरातल्या दोन रुग्णांना त्यांनी सांगितलं, आपल्या कॅथेड्रलच्या चौकात उभे आहात अशी कल्पना करा, तोंड कॅथेड्रलकडे, आणि काय काय दिसतं ते सांगा. रुग्णांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे बघा. तेव्हा आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गळाल्या. म्हणजे डोळे मिटून आठवताना, मनातल्या चौकातसुद्धा डावी बाजू पडलेली.

मी म्हटलं, माझ्यावर करून बघा. मी ज्या छापखान्यात उमेदवारी केली तो डोळ्यांसमोर आणला. दारातून आत शिरलो आणि सांगत गेलो: खिळ्यांच्या केसा, त्यांच्यावरचे लोंबते दिवे, गॅल्यांची मांडणी, कोपऱ्यात शाईचे डबे. बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आता मागच्या भिंतीला पाठ लावून दाराकडे बघा. ट्रेडल यंत्र आलं, कागदाच्या रिमा आल्या आणि मालकांचं टेबल आलं. त्या टेबलासमोर मी 20 वर्षं बसलो होतो. पहिल्या फेरीत ते छापखान्यात नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ कुणाशी बोललो नाही. हात गेला तेव्हा रडू आलं नव्हतं, टेबलासाठी आलं.

वाचनाचं मात्र मला स्वतःलाच शोधायचं होतं, तो माझा प्रांत. कुठले शब्द कसे तुटतात याची मी मुलीकडून वही करून घेतली. 'अपघात'चा मी 'घात' करायचो, 'सहवास'चा 'वास', 'अविश्वास'चा 'विश्वास'. शेवटचा प्रकार घातकच, कारण अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की माणूस थांबत नाही, पुढे जातो. त्याहून मजेची गोष्ट वेलांट्यांची. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते, दीर्घ उजवीकडे. जन्मभर मी लोकांच्या ऱ्हस्वदीर्घावर काट मारली आणि आता मला दीर्घ तेवढी दिसे, ऱ्हस्व पुष्कळदा गळे. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, ही जोडी मी शिकाऊ मुलांना नेहमी द्यायचो. आता 'शीर' बरोबर वाचायचो आणि 'शिर'चं व्हायचं 'शर'. दोष शिरेत होता, गेलं शिर. बाईंना हा विनोद नीट कळावा म्हणून मला तो दोनदा सांगावा लागला. तेवढी मौज मी करून घेतली.

यावर उपाय काय, तर लाल पट्टी. पानाच्या डाव्या कडेला उभी लाल पट्टी चिकटवायची. प्रत्येक ओळ संपली की पट्टी दिसेपर्यंत नजर मागे आणायची, पट्टी दिसल्याशिवाय पुढची ओळ सुरू करायची नाही. दिसायला पोरखेळ. पण पट्टी शोधायची हे आठवण्यासाठीही लक्ष लागतं, आणि आजारच लक्षाचा. पहिला महिना ही शेजारी बसून "पट्टी" म्हणायची. दर ओळीला. तिचा आवाज माझ्या डोक्यात इतका बसला की पुढे ती नसतानाही तो यायचा. डाव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवून वाचलं तर चुका आणखी कमी होत. डावा अवयव डावीकडे हलवला की लक्षही तिकडे ओढलं जातं, असं बाईंचं म्हणणं. नजर उजवीकडे ढकलणारे प्रिझमचे चष्मे लावून समोरच्या ठिपक्यांवर बोट नेण्याचाही एक व्यायाम असतो. दोन आठवडे तोही केला. मला त्याचा फारसा गुण आला नाही, काहींना येतो. औषधाचा डबा मुलीनं उभा करून टांगला: सकाळ वर, रात्र खाली. साधी गोष्ट, पण त्यानंतर एक गोळी चुकली नाही.

लाल पट्टी लावता येते अशा गोष्टी सोप्या. काहींना पट्टी लावता येत नाही.

मी नुसता बसून राहायचो. वर्तमानपत्र शेजारी, उचलावंसं वाटायचं नाही. कंटाळा नव्हता, दुःखही नव्हतं. हलायला लागणारी ती आतली ढकल नव्हती. हिला तो आळस वाटे. "सगळं करता येतंय, मग करत का नाही?" या वाक्यावरून आमची जितकी भांडणं झाली तितकी आधीच्या सगळ्या संसारात झाली नसतील. शिवाय माझा आवाज सपाट झाला होता. स्वरातला चढउतार, जिव्हाळा, चेष्टा, हे घडवण्यात मेंदूच्या उजव्या भागाचा मोठा हात असतो. मी प्रेमानं "बस ना" म्हणायचो आणि तिला ते हुकूम वाटायचं. झटक्यानंतर सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्याची तपासणी व्हायला हवी, हे आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं. माझ्या बाबतीत ते थोडं निघालं, निरुत्साह जास्त. दोन्ही एक नव्हेत. पण हे आजाराचं अंग आहे असं डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितल्यावर घरातला ताण निम्मा उतरला. गोळ्यांनी जेवढा उतरला असता त्यापेक्षा जास्त.

आणि थकवा. तासभर वाचलं की दोन तास झोप. चालता चालता कुणी काही विचारलं तर मी उत्तर द्यायला उभाच राहायचो. बोलायला लागल्यावर ज्या वृद्धांचं चालणं थांबतं ते पुढे जास्त पडतात, असं 1997 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. आमच्याकडे आता नियम आहे: मी जिन्यावर असलो की कुणी माझ्याशी बोलायचं नाही. नात तोंडावर हात धरून शेजारून उतरते.

वर्षानं पुन्हा एमआरआय झाला. झटक्याची जागा पडद्यावर स्पष्ट होती, मेंदूच्या उजव्या भागात, खळगा पडल्यासारखी. मला तिच्यापेक्षा दोन्ही बाजूंना विखुरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांनी बेचैन केलं. डॉक्टर म्हणाले, ते या झटक्याचे नव्हेत. वाढतं वय आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब यांनी बारीक रक्तवाहिन्यांवर केलेलं ते काम. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारा तिथे झिजलेल्या असतात. तेवढ्याच आकाराची इजा तरुण माणसाला झाली तर संदेश दुसऱ्या वाटेनं जातो. म्हाताऱ्या मेंदूत दुसऱ्या वाटाही अर्ध्या बुजलेल्या. इजेपासून दूरचे, स्वतः धडधाकट असलेले भागही झटक्यानंतर गप्प होतात, कारण त्यांच्याकडे संदेश येणं थांबतं. कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी त्याला डायस्किसिस हे नाव दिलं, तेही 1914 मध्येच. यातले काही भाग पुन्हा बोलू लागतात आणि पहिल्या तीन महिन्यांतली झपाट्याची सुधारणा काही अंशी त्यातून येते. पुढे वेग मंदावतो, थांबतो असं नाही. आठव्या महिन्यात मी पट्टीशिवाय अख्खं पान वाचलं, ते याच मंद वेगात.

गाडी चालवणं मात्र कायमचं सोडलं. किल्ली मी स्वतः मुलीला दिली. मला सगळं नीट दिसतंय असं वाटणं हाच माझ्याविरुद्धचा पुरावा, हे तोवर मला पटलं होतं. स्वतःच्या मजकुराचं मुद्रितशोधन स्वतः करू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. डोळ्याला तिथे आहे ते दिसत नाही, असायला हवं ते दिसतं. आता मी अंघोळीहून आलो की हिच्यासमोर उभा राहतो आणि ती मला वरपासून खालपर्यंत तपासते. "डावा कान. साबण."

गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्या सकाळचा गठ्ठा सापडला. प्रकाशकांनी काम दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, ही पानं घरीच राहिली होती. पट्टी लावून बसलो. दहाव्या पानापर्यंत माझ्या खुणा दोन्ही समासांत आहेत. अकराव्यावर डाव्या समासात एक, अर्धवट. बाराव्यापासून डावा समास कोरा. म्हणजे झटका अकराव्या पानावर आला. ताशी किती पानं होतात ते मला पाठ आहे, तेव्हा आठच्या आसपास. डॉक्टरांना हवी होती ती वेळ माझ्या टेबलावर लिहून ठेवलेली होती. बाराव्यापासून 24 व्या पानापर्यंत 'शब्द गळाले आहेत' ही सूचना तेरा वेळा. एकही शब्द गळालेला नव्हता. डावीकडे चार खऱ्या चुका होत्या, त्या मी आता लावल्या.

अक्षरजुळणी करणाऱ्या त्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, "काका, काकूंनी ती पानं फोटो काढून पाठवली होती मला. मी दोन दिवस मूळ प्रत घेऊन बसलो होतो. तुम्ही लिहिलंय म्हणजे गळालंच असणार, मलाच सापडत नाहीये, असं वाटत होतं."